कागद आल्यापासून फाडला जाईपर्यंत : फायलिंगसाठी लागणारं स्पॅनिश

ऑफिसच्या वस्तूंची स्पॅनिश यादी पाठ करायला दोन तास पुरतात. तरी प्रत्यक्ष कामाला बसलं की माणूस अडतो. एक तर यादीत देश नसतो, आणि स्टेपलरपासून रिंग फाइलपर्यंत निम्म्या वस्तूंची नावं देशागणिक बदलतात. दुसरं म्हणजे यादीत वस्तू असतात, कामं नसतात. 'फाइल' हा शब्द येतो, पण 'या फायलीतला तिसरा कागद गहाळ आहे' हे सांगता येत नाही. पुण्यात बसून मेक्सिकोच्या कंपनीची बिलं लावणारे, स्पेनमध्ये रहिवासी परवान्याचे कागद जमवणारे आणि गोव्याच्या इतिहासासाठी स्पेनमधली दप्तरं धुंडाळणारे, तिघांनाही हे शब्द लागतात, पण वेगवेगळे. म्हणून इथे शब्द कागदाच्या प्रवासाच्या क्रमाने घेतले आहेत: आवक, ओळख, जोडणी, क्रम, लेबल, साठवण, शोध आणि शेवटी नाश.

आधी उच्चार

मराठी माणसाला स्पॅनिश 'त' आणि 'द' आयते येतात. ट आणि ड म्हणू नका. च हा 'चहा'तला, 'चाक'मधला नव्हे. इथे 'ख' असं लिहिलं आहे तो उर्दूतल्या 'ख़त'सारखा घशातून घासून येणारा आवाज आहे. तो लिहिताना 'खोता' (इंग्रजीतला जे) हे अक्षर वापरतात, आणि ए-ई यांच्या आधी कधी 'खे' (जी). 'आचे' (एच) हे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत. बे (बी) आणि ऊबे (व्ही) या दोन अक्षरांचा आवाज एकच, ब. खाली 'स' लिहिलेल्या काही जागी स्पेनमध्ये 'थ' ऐकू येईल, आणि 'य'च्या जागी ब्युनोस आयर्सला 'श': शिक्का म्हणजे 'सेयो', तिथे 'सेशो'.

शब्द पाठ करताना त्याच्याआधीचं 'एल' किंवा 'ला' सोबत पाठ करा. एरवी लिंग चुकलं तरी समोरचा समजून घेतो, पण फायलिंगमध्ये एका जोडीत अर्थच बदलतो. 'एल ओर्देन' म्हणजे क्रम, 'ला ओर्देन' म्हणजे हुकूम किंवा ऑर्डर. अक्षरानुक्रमाने लावा, हे सांगताना 'पोर ओर्देन आल्फाबेतिको' म्हणायचं.

पायरी १ : कागद कुठल्या देशाचा, ते ठरवा

ही पायरी गाळली की पुढचं सगळं घसरतं. 'फोलिओ' हा एकच शब्द घ्या. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात फोलिओ म्हणजे कोरा ए-फोर कागद. मेक्सिकोत फोलिओ म्हणजे कागदावरचा क्रमांक. 'कुआल एस एल नूमेरो दे फोलिओ?' असं विचारलं तर पानं मोजायला बसू नका, पावतीचा किंवा अर्जाचा नंबर सांगा. अर्जेंटिनात दुकानात फोलिओ मागितला तर भोकं असलेलं प्लॅस्टिकचं पारदर्शक पाकीट हातात पडतं. स्पेनमध्ये त्याच पाकिटाला 'फुन्दा' म्हणतात, मेक्सिकोत 'प्रोतेक्तोर दे ओखास'. आणि अभिलेखागारात, देश कुठलाही असो, फोलिओ म्हणजे मोजलेलं पान, पुढची आणि मागची बाजू मिळून एक.

'आर्चिबेरो' दुसरा. स्पेनमध्ये तो माणूस असतो, अभिलेखपाल. मेक्सिकोत ते खणांचं लोखंडी कपाट असतं, आणि माणसाला 'आर्चिबिस्ता' म्हणतात. कोलंबियात ते कपाट 'आर्चिबादोर'. स्पेनमध्ये मात्र आर्चिबादोर म्हणजे बहुतेक वेळा आपली खटक्याची बॉक्स फाइल, पूर्ण नाव 'आर्चिबादोर दे पालांका'. हीच बॉक्स फाइल अर्जेंटिनात 'बिब्लिओरातो' आणि कोलंबियात 'आ-सेता', म्हणजे अक्षरमालेचं पहिलं आणि शेवटचं अक्षर.

स्टेपलरची तर जत्राच आहे: स्पेनमध्ये 'ग्रापादोरा', मेक्सिकोत 'एन्ग्रापादोरा', अर्जेंटिनात 'आब्रोचादोरा', चिलीत 'कोर्चेतेरा', कोलंबियात 'कोसेदोरा'. पाचही पाठ करण्याची गरज नाही. आपला एक देश ठरवा, त्याचा शब्द बोलण्यात ठेवा, बाकीचे ऐकून ओळखता आले की झालं. पंचिंग मशीनला 'पेर्फोरादोरा' बहुतेक ठिकाणी चालतं. स्पेनमध्ये 'तालाद्रादोरा'सुद्धा म्हणतात.

देशाबरोबर कागदाचा आकारही बदलतो. स्पेन ए-फोर वापरतो, २१० बाय २९७ मिलिमीटर, आपल्यासारखाच. मेक्सिको आणि कोलंबियात 'कार्ता' चालतो, २१६ बाय २७९, म्हणजे सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. मेक्सिकोहून आलेली पीडीएफ आपल्या ए-फोरवर 'तामान्यो रेआल' म्हणजे मूळ मापात छापली तर कडेचा मजकूर कापला जाऊ शकतो. प्रिंटच्या खिडकीत 'आखुस्तार' हा शब्द असलेला पर्याय निवडा. उलट, इथून ए-फोरवर पाठवलेला करार त्यांच्या कार्ता मापाच्या फोल्डरबाहेर डोकावतो आणि वर्षभरात त्याची कड चुरगळते. भोकांचंही तसंच. स्पेनमध्ये दोन भोकं, मधलं अंतर ८० मिलिमीटर, कागदाच्या कडेपासून १२. मेक्सिकोच्या 'कार्पेता दे त्रेस आर्गोयास'ला तीन कड्या. स्टेशनरी मागवण्याआधी कड्या किती ते विचारून घ्या.

पायरी २ : आवक

आपल्या सरकारी कचेरीत बारनिशी असते, तिथल्या कचेरीत 'रेखीस्त्रो'. आवक म्हणजे 'रेखीस्त्रो दे एन्त्रादा', जावक म्हणजे 'रेखीस्त्रो दे सालीदा'. नोंदीच्या रकान्यांत हे शब्द दिसतात: 'फेचा' तारीख, 'रेमितेन्ते' पाठवणारा, 'देस्तिनातारिओ' ज्याला पाठवलं तो, 'आसुन्तो' विषय, 'आनेक्सोस' सोबतचे कागद. ईमेलमध्येही विषयाच्या रकान्यावर आसुन्तोच असतं.

मग शिक्के. 'रेसिबीदो' म्हणजे मिळालं, 'पागादो' म्हणजे पैसे दिले, 'कोपिआ' म्हणजे प्रत, 'आनुलादो' म्हणजे रद्द. आणि एक शिक्का असा की त्यावर खरे पैसे अडकतात: 'कान्सेलादो'. पेरू, चिली, कोलंबिया या देशांत बिलावर कान्सेलादो म्हणजे बिल चुकतं झालं. मेक्सिकोत 'फाक्तूरा कान्सेलादा' म्हणजे बिल रद्द झालं, त्याला कराच्या दृष्टीने किंमत नाही. पेरूच्या पुरवठादाराचं कान्सेलादो बिल रद्द म्हणून बाजूला ठेवलं तर दिलेल्या पैशांचा पुरावाच फायलीतून गायब होतो. मेक्सिकोचं तसंच बिल पैसे दिलेल्यांत लावलं तर महिनाअखेरीला ताळा बसत नाही. हा शिक्का दिसला की देश पाहिल्याशिवाय कागद हलवू नका.

साक्षांकित प्रतीला स्पेनमध्ये 'कोपिआ कोम्पुल्सादा' म्हणतात, मेक्सिकोत 'कोपिआ सेर्तिफिकादा'. परदेशी कचेरीने हे शब्द वापरले तर साधी झेरॉक्स, म्हणजे 'फोतोकोपिआ', चालत नाही.

पायरी ३ : कागद ओळखा

बिल सगळीकडे 'फाक्तूरा', करार 'कोन्त्रातो', पावती 'रेसीबो', पुरवठादार 'प्रोबेएदोर', ग्राहक 'क्लिएन्ते'. एवढं सरळ आहे. घोळ डिलिव्हरी चलनात होतो: स्पेनमध्ये 'आल्बारान', अर्जेंटिनात 'रेमीतो', मेक्सिकोत 'रेमिसिओन', चिलीत 'गीआ दे देस्पाचो', पेरूत 'गीआ दे रेमिसिओन'. दिसायला हे कागद बिलासारखेच असतात, आकडे असतात, शिक्का असतो, आणि नवखा माणूस ते बिलांत लावून मोकळा होतो. चलनावर माल किती आला ते असतं. त्यावरून पैसे देत नाहीत. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत फाक्तूरा लिहिलं नसेल तर तो बिलांच्या फायलीत जाणार नाही, एवढा एक नियम पाळला तरी बरंच वाचतं.

बँकेचं स्टेटमेंट स्पेनमध्ये 'एक्स्त्राक्तो बांकारिओ', मेक्सिकोत 'एस्तादो दे कुएन्ता'. दरपत्रक स्पेनमध्ये 'प्रेसुपुएस्तो', लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'कोतिसासिओन'. पगारपत्रक 'नोमिना'.

आकडे वाचताना सावध. स्पेन, अर्जेंटिना, चिली, कोलंबियात हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम, मेक्सिकोत आपल्यासारखं. स्पेनच्या कागदावर १.२५० म्हणजे बाराशे पन्नास, सव्वा नव्हे.

पायरी ४ : जोडणी

सुटा कागद 'ओखा'. कागद ठेवायचं पुठ्ठ्याचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण 'कार्पेता' (मेक्सिकोत साध्या पुठ्ठ्याच्या आवरणाला 'फोल्देर', आणि कड्या असलेल्याला कार्पेता). एका प्रकरणाचे सगळे कागद मिळून 'एक्सपेदिएन्ते', म्हणजे आपली नस्ती. कार्पेता ही वस्तू, एक्सपेदिएन्ते हे प्रकरण; एक एक्सपेदिएन्ते तीन कार्पेतांत मावू शकतो. प्रकरण सुरू करणं 'आब्रीर उन एक्सपेदिएन्ते', बंद करणं 'सेर्रार'. आणि प्रकरण गुपचूप गुंडाळून टाकलं तर स्पेनमध्ये म्हणतात 'दार कार्पेतासो'. बातम्यांत हा वाक्प्रचार वरचेवर येतो.

जुन्या कागदांचा बांधलेला गठ्ठा म्हणजे 'लेगाखो'. पेशवे दप्तरात जसा रुमाल, तसा स्पेनच्या दप्तरात लेगाखो: कापडाऐवजी पुठ्ठा आणि फीत, पण काम तेच. अर्जेंटिनात मात्र लेगाखो म्हणजे कर्मचाऱ्याची किंवा विद्यार्थ्याची फाइल, आणि 'नूमेरो दे लेगाखो' म्हणजे त्याचा नोंदणी क्रमांक.

एक्सपेदिएन्ते नीट लावण्याची पद्धत कोलंबियात सगळ्यात बारकाईने लिहून ठेवलेली सापडते. तिथला अभिलेखांचा कायदा २००० सालचा, क्रमांक ५९४. त्या पद्धतीने कागद लावायचा तर क्रम असा.

आधी 'कीताग्रापास'ने पिना काढा. धातू गंजतो आणि कागदावर तांबूस डाग धरतो, म्हणून पिना, टाचण्या आणि क्लिपा जुन्या फायलीत ठेवत नाहीत. मग कोऱ्या आणि दुबार प्रती बाजूला काढा. दुबार प्रतीला 'दुप्लिकादो' म्हणतात. उरलेले कागद तारखेने लावा, सगळ्यात जुना सगळ्यात वर, नवा सगळ्यात खाली, म्हणजे फाइल पुस्तकासारखी पहिल्या पानापासून वाचता येते. आपल्या बॉक्स फायलीत नवा कागद वर चढवायची सवय असते आणि इथेच हात चुकतो. एका कार्पेतात साधारण दोनशे पानं, त्यापेक्षा जास्त झाली तर दुसरी कार्पेता करून त्यावर 'दोस दे दोस', दोनपैकी दुसरी, असं लिहा.

शेवटी पानांना क्रमांक घालणं, 'फोलिआर'. मऊ काळ्या पेन्सिलीने, पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, मजकुराच्या दिशेने, फक्त पुढच्या बाजूला. शाईने घालू नका. क्रम चुकला तर खोडता येत नाही. पान मागाहून सापडलं तर १४-अ किंवा १४ 'बिस' असं करत नाहीत, पुढच्या सगळ्या पानांना क्रमांक नव्याने घालतात. वैताग येतो, पण फाइल न्यायालयात गेली की 'बिस' पान मागून घुसवलं असा संशय घेतला जातो. हे झालं की कागद प्लॅस्टिकच्या पट्टीत ओवतात. त्या पट्टीला कोलंबियात 'गांचो लेगाखादोर', चिलीत 'आकोक्लिप', स्पेनमध्ये 'फास्तेनेर'.

पायरी ५ : क्रम, आणि आडनावांचा घोळ

सर्वांत जास्त कागद इथे हरवतात, त्यामुळे इथे वेळ घालवा.

स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, परंपरेने पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. फाइल पहिल्या आडनावाने लागते. गाब्रिएल गार्सीआ मार्केस हा 'गार्सीआ'खाली शोधायचा. लोक बोलताना फेदेरिको गार्सीआ लोर्काला नुसतं लोर्का म्हणतात, पण दप्तरात तोही गार्सीआच. लग्नानंतर स्पेनमध्ये बाईचं आडनाव बदलत नाही, त्यामुळे नवऱ्याच्या नावाखाली तिचा कागद शोधू नका. पोर्तुगीज पद्धत उलटी, तिथे शेवटच्या आडनावाने लावतात. गोव्यातले जुने पोर्तुगीज कागद आणि स्पॅनिश कागद एकाच यादीत आणताना हा फरक आधी ठरवून घ्यावा लागतो.

आता आपल्या नावाचं काय होतं बघा. स्पेनच्या अर्जात तीन रकाने असतात: 'नोम्ब्रे' नाव, 'प्रिमेर आपेयीदो' पहिलं आडनाव, 'सेगुन्दो आपेयीदो' दुसरं आडनाव. मराठी माणूस स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने भरतो. 'सचिन रमेश पाटील' असं भरलं की कचेरीच्या लेखी पहिलं आडनाव रमेश, आणि फाइल रमेशखाली जाते. सहा महिन्यांनी पाटील सांगून चौकशी केली की उत्तर येतं, 'नो कोन्स्ता', नोंद नाही. म्हणून पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे तेच प्रिमेर आपेयीदोत घाला, दुसरा रकाना रिकामा सोडा. परदेशी माणसाला दुसरं आडनाव नसणं त्यांना नवीन नाही.

अक्षरमालेत २७ अक्षरं. एनवर लाट असलेलं 'एन्ये' हे स्वतंत्र अक्षर आहे आणि ते सगळ्या एननंतर येतं. त्यामुळे बरोबर क्रम असा: मुन्तानेर, मुन्योस, मुरीयो. इंग्रजी सेटिंगचं सॉफ्टवेअर एन्येला साधं एन समजतं आणि मुन्योसला मुन्तानेरच्या आधी आणतं. कपाट स्पॅनिश क्रमाने आणि यादी इंग्रजी क्रमाने, असं झालं की माणूस यादीवरून कपाटात शोधत बसतो आणि कागद नाही म्हणून लिहून देतो. स्वरांवरच्या तिरक्या रेघा मात्र क्रमात मोजत नाहीत.

आणखी एक जुनं वळण. १९९४ पर्यंत 'च' (सी आणि एच ही जोडी) आणि दुहेरी एल यांची कोशात वेगळी प्रकरणं असत. त्याआधी लावलेल्या कार्डांच्या खणात चाबेस हा क्रूसच्या नंतर सापडतो. नव्या यादीत तो सेर्बान्तेस आणि सिस्नेरोस यांच्या मध्ये असतो. जुन्या कचेरीत 'फिचा' म्हणजे कार्डं चाळत असाल तर दोन्ही ठिकाणी बघा.

कानाने ऐकून फाइल लावू नका. खिमेनेस हे आडनाव खोतानेही लिहितात आणि खेनेही. एर्नान्देस आचेखाली सापडतं, एखाली नाही. बास्केसमध्ये पहिलं अक्षर बे की ऊबे, हे उच्चारावरून कळत नाही. फोनवर विचारायची वाक्यं:

'से एस्क्रीबे कोन बे ओ कोन ऊबे?' बेने लिहायचं की ऊबेने? मेक्सिकोत याच अक्षरांना 'बे ग्रान्दे' आणि 'बे चीका' म्हणतात, अर्जेंटिनात 'बे लार्गा' आणि 'बे कोर्ता'.
'कोन आचे ओ सिन आचे?' आचेसह की आचेशिवाय?
'कोन एसे ओ कोन सेता?' शेवटी एस की झेड?
'मे लो देलेत्रेआ, पोर फाबोर?' स्पेलिंग सांगाल का?

प्रकरणाचे क्रमांक ऐकताना साठ आणि सत्तर जपा: 'सेसेन्ता' आणि 'सेतेन्ता'. आकड्यांमधली तिरकी रेघ स्पेनमध्ये 'बार्रा', मेक्सिकोत 'दियागोनाल'. आडवी रेघ 'गिओन', खालची रेघ 'गिओन बाखो'. लांब नंबर असेल तर 'उनो पोर उनो, पोर फाबोर' म्हणा, एकेक आकडा सांगा. मेक्सिकोच्या बिलावरचा 'फोलिओ फिस्काल' रेघांसकट ३६ चिन्हांचा असतो. तो फोनवर घेण्याच्या भानगडीत पडू नका, ईमेलने मागवा.

पायरी ६ : लेबल आणि कपाट

लेबल 'एतिकेता', फायलीचा कणा 'लोमो', मधला पुठ्ठा 'सेपारादोर', त्याचं बाहेर आलेलं टोक 'पेस्तान्या'. खण 'काखोन', फळी 'एस्तान्ते', सगळ्या फळ्यांची मांडणी 'एस्तान्तेरीआ', खोकं 'काखा'. टांगत्या फायली 'कार्पेतास कोल्गान्तेस'.

लोमोवर चार गोष्टी पुरतात: खात्याचं नाव, कागदाचा प्रकार, पहिली आणि शेवटची तारीख, आणि एकूण कितीपैकी कितवी. काही संक्षेप ओळखीचे असू द्यात: 'एक्सप.' म्हणजे एक्सपेदिएन्ते, 'लेग.' लेगाखो, 'नूम.' क्रमांक, आणि 'एसे एफे' ही दोन अक्षरं दिसली तर 'सिन फेचा', तारीख नाही.

सरावाला महागडं काही लागत नाही. घरातले तीसेक कागद घ्या, भाडेकरार, वीजबिलं, बँकेचे कागद, पासपोर्टच्या प्रती. दोन बॉक्स फायली आणि दहा सेपरेटर घेऊन खरोखर स्पॅनिश लेबलं लावा: 'कोन्त्रातोस', 'फाक्तूरास दे लूस', 'बांको', 'पासापोर्तेस'. लावताना प्रत्येक कागदाला एक वाक्य मोठ्याने म्हणा: 'एस्तो बा एन ला कार्पेता दे फाक्तूरास', हे बिलांच्या फायलीत जातं. क्रियापदं हातांबरोबर बसतात: 'क्लासिफिकार' वर्गवारी, 'एतिकेतार' लेबल लावणं, 'पेर्फोरार' भोक पाडणं, 'ग्रापार' पिन मारणं, 'आर्चिबार' फायलीत लावणं, 'गुआर्दार' ठेवणं.

पायरी ७ : संगणकावर

'गुआर्दार' हेच सेव्ह. 'गुआर्दार कोमो' वेगळ्या नावाने, 'नुएबा कार्पेता' नवं फोल्डर, 'काम्बिआर नोम्ब्रे' नाव बदलणं, 'आद्खुन्तार' जोडणं, 'देस्कार्गार' उतरवून घेणं, 'सुबीर' चढवणं. बॅकअप स्पेनमध्ये 'कोपिआ दे सेगुरिदाद', लॅटिन अमेरिकेत 'रेस्पाल्दो'. 'आर्चीबो' म्हणजे संगणकावरची फाइल. स्पेनमध्ये 'फिचेरो'ही म्हणतात. 'पापेलेरा' म्हणजे कचरापेटी, आणि 'पापेलेरीआ' म्हणजे स्टेशनरीचं दुकान. एका स्वराची गल्लत.

फाइलला नाव देताना तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: २०२४-०३-१५. मग प्रकार, मग पुरवठादार, मग नंबर. नावात तिरक्या रेघांचे स्वर आणि एन्ये टाळावं, जुन्या प्रणालींत त्यांची भलतीच चिन्हं होतात. पण एन्ये टाळताना एक काळजी घ्या. वर्ष म्हणजे 'आन्यो'. लाट काढून 'आनो' लिहिलं तर त्याचा अर्थ गुदद्वार. फोल्डरला हे नाव देऊन ग्राहकाला पाठवू नका. त्याऐवजी 'आनिओ' असं लिहायची पद्धत आहे, किंवा नुसता वर्षाचा आकडा.

महिन्यांचे संक्षेपही एक्सेलमध्ये छळतात. जानेवारी 'एने', एप्रिल 'आब्र', ऑगस्ट 'आगो', डिसेंबर 'दिक' असा लिहितात. बाकीच्या महिन्यांची पहिली तीन अक्षरं इंग्रजीशी जुळतात, ही चार जुळत नाहीत. त्यामुळे इंग्रजी सेटिंगच्या एक्सेलमध्ये याच चार महिन्यांच्या तारखा नुसता मजकूर म्हणून राहतात आणि क्रम लावताना तळाशी जाऊन बसतात. यादीतून नेमके चार महिने गायब दिसले तर कारण हेच.

पायरी ८ : शोधणं, देणं, हरवणं

कोणी फाइल मागायला आलं तर 'प्रेस्तामो' म्हणजे उसनी देणं, परत येणं 'देबोलुसिओन'. फाइल काढलेल्या जागी एक कार्ड ठेवतात, त्यावर कोणी, कधी, काय नेलं ते असतं. त्या कार्डाला 'तेस्तीगो' म्हणतात, म्हणजे साक्षीदार.

कागद चुकून भलत्या फायलीत गेला की त्यासाठी खास क्रियापद आहे, 'त्रास्पापेलार'. स्पेनमध्ये 'से आ त्रास्पापेलादो', लॅटिन अमेरिकेत 'से त्रास्पापेलो'. यात कोणाचंच नाव येत नाही, कागद आपला आपणच इकडचा तिकडे झाला. ऑफिसात हे फार सोयीचं. एखादं पान नसेल तर 'फाल्ता ला ओखा त्रेस', तिसरं पान नाही. मागायचं तर आदराने: 'मे पुएदे एम्बिआर उना कोपिआ, पोर फाबोर?' मला एक प्रत पाठवाल का?

पायरी ९ : जुने कागद

मेक्सिकोचा २०१८ चा अभिलेख कायदा कागदाच्या तीन अवस्था मानतो: 'आर्चीबो दे त्रामिते', रोज लागणारं, 'आर्चीबो दे कोन्सेन्त्रासिओन', क्वचित लागणारं, 'आर्चीबो इस्तोरिको', कायमचं. स्पेन आणि कोलंबियात पहिल्याला 'आर्चीबो दे खेस्तिओन' म्हणतात. एकातून दुसरीकडे पाठवणं 'त्रान्स्फेरेन्सिआ'. स्पेनमध्ये त्यासाठी जी चपटी पुठ्ठ्याची पेटी मिळते ती 'काखा दे आर्चीबो देफिनितीबो'.

किती वर्षं ठेवायचं? स्पेनच्या व्यापारी संहितेनुसार व्यावसायिकाने हिशेबाच्या वह्या आणि पत्रव्यवहार सहा वर्षं ठेवायचा. कराच्या वसुलीची साधारण मुदत चार वर्षांची असते, पण म्हणून चौथ्या वर्षी सगळं फाडत नाहीत. मेक्सिकोत करासंबंधीच्या कागदांना सर्वसाधारण मुदत पाच वर्षं. प्रत्यक्ष नाश करण्याआधी तिथल्या हिशेबनीसाला, म्हणजे 'कोन्तादोर'ला, विचाराच.

आपल्याकडे ज्याला निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद काढून टाकणं, म्हणतात ते स्पेनमध्ये 'एक्स्पूर्गो', मेक्सिकोत 'बाखा दोकुमेन्ताल'. कागद फाडायचं यंत्र स्पेनमध्ये 'देस्त्रुक्तोरा', मेक्सिकोत 'त्रितुरादोरा'. काय नष्ट केलं त्याची यादी आणि सह्या असलेला कागद म्हणजे 'आक्ता दे एलिमिनासिओन'. कागद गेले तरी ही आक्ता जपून ठेवतात.

इतिहासाच्या दप्तरात

सेव्हिलमधलं 'आर्चीबो खेनेराल दे इन्दिआस' १७८५ मध्ये, तिसऱ्या कार्लोसच्या काळात उभं राहिलं. सिमान्कासचं दप्तर त्याहून जुनं, सोळाव्या शतकातलं. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल आणि त्याबरोबर गोवाही स्पेनच्याच राजाच्या अमलाखाली होता, म्हणून गोव्यावर काम करणाऱ्याला या दप्तरांचा रस्ता माहीत असलेला बरा. 'पारेस' या सरकारी पोर्टलवर यादी आणि बरेच स्कॅन फुकट पाहता येतात.

तिथे कागद मागताना जो पत्ता लिहायचा त्याला 'सिग्नातूरा' म्हणतात. हा सहीचा शब्द नाही. सही म्हणजे 'फीर्मा'. अर्जातल्या सिग्नातूराच्या चौकटीत सही ठोकली तर अर्ज परत येतो. सिग्नातूरा डावीकडून उजवीकडे वाचायची: आधी दप्तराचं नाव, मग विभाग, उदाहरणार्थ 'फिलिपीनास', मग लेगाखोचा क्रमांक, मग एर्रे (आर) अक्षर आणि आकडा म्हणजे 'रामो', गठ्ठ्यातली शाखा, आणि एने (एन) अक्षर आणि आकडा म्हणजे 'नूमेरो', त्या शाखेतला कागद. टिपणात हे सगळं जसंच्या तसं उतरवा. नुसता लेगाखो लिहून ठेवला तर पुढच्या वेळी तोच कागद शोधायला अख्खा गठ्ठा चाळावा लागतो.